मागच्या खोलीतला व्हॉल्व्ह

"खातेदार तुमचे कोण?" असं त्या मुलीनं विचारलं आणि माझी दातखीळच बसली. प्रश्न तसा साधा होता. इंटरनेट सारखं तुटतं म्हणून तक्रार करायची, तर ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याशी फोन करणाऱ्या बाईचा काय संबंध, हे कंपनी विचारणारच. उद्या कुणीही उठेल आणि कुणाच्याही घरची लाइन तोडायला सांगेल. पण मी फोन कानाला लावून गप्प. तिला वाटलं लाइन गेली, ती हॅलो हॅलो करायला लागली. मी म्हटलं, आहे, आहे, घरातलेच आहेत ते. घरातले म्हणजे कोण, वडील की सासरे की पती, असं तिनं अगदी शांतपणे विचारलं. उत्तर मिळाल्याशिवाय तिचं पुढचं पान उघडत नसणार. "सासरे," म्हटलं, आणि कुणाची तरी वस्तू न विचारता उचलल्यासारखं वाटलं.

कारण कायद्यानं पाहिलं तर ते आता माझे कोणी लागत नाहीत. त्यांच्या मुलाचा आणि माझा रीतसर काडीमोड झालेला आहे. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं मन कुठेच टिकायचं नाही, नोकरीत नाही, गावात नाही, माझ्यात तर नाहीच. गेला तेव्हा भांडण असं झालं नाही. कपडे घेतले, पुस्तकं घेतली आणि का कोण जाणे, स्वयंपाकघरातला कुकर घेतला. कुकर! मी ओट्यापाशी उभी राहून ती रिकामी जागा बघत राहिले, आणि रडायला आलं ते त्या जागेकडे बघून आलं, त्याच्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पायांत चपला सरकवून बाहेर गेले आणि नवा कुकर घेऊन आले. चांगला मोठा, आठ-दहा माणसांचा. मी म्हटलं, दोन माणसांना एवढा कशाला? तर म्हणाले, दुकानात हाच होता. दुकानात दुसरा कुकर नव्हता यावर माझा आजही विश्वास नाही. मला वाटतं, दोनच माणसांचा कुकर हातात घेऊन यायची त्यांना लाज वाटली.

मी खोली शोधत होते तेव्हा. नवरा गेल्यावर त्याच्या बापाच्या घरात कोणत्या तोंडानं राहायचं? मामंजींना सांगितलं तर म्हणाले, बरोबर आहे तुझं, चल, मीही येतो बघायला. ते पाणीखात्यात व्हॉल्व्हवाले होते, निवृत्त होईपर्यंत. खांद्यावर ती लोखंडी लांब चावी टाकून रस्त्यारस्त्यानं फिरायचं, जमिनीतली झाकणं उघडायची, या वस्तीचं पाणी बंद करायचं, त्या वस्तीचं सोडायचं. तर आम्ही एकेक खोली बघायला जायचो. मालक उजेड दाखवायचा, कपाटं दाखवायचा, आणि मामंजी सरळ मोरीत जाऊन नळ सोडायचे. पाण्याच्या धारेखाली तळहात धरायचे, डोळे मिटायचे, आणि बाहेर येऊन म्हणायचे, प्रेशर नाही. एका ठिकाणी नळाखालची बादली भसाभस भरून वाहायला लागली तरी म्हणाले, आत्ता आहे, उन्हाळ्यात टिकणार नाही. अशा किती खोल्या आम्ही नापास केल्या कोण जाणे. शेवटी मी खोली बघणं सोडून दिलं. त्यावर आमच्यात एका अक्षराचंही बोलणं झालं नाही. फक्त एक फरक पडला. ते मला आधी सूनबाई म्हणायचे, ते बंद झालं. कोर्टाचा कागद आल्यापासून मी नुसती "ऐकलंस का" झाले. त्यांनाही तो शब्द आपला राहिला नाही असं वाटत असेल. मी मात्र मामंजी म्हणत राहिले. मला एवढी जुनी सवय मोडणं जमत नाही आणि मोडायचीही नव्हती.

तर इंटरनेट. माझा सगळा संसार आता त्यावर चालतो. अर्धांगवायूनं ज्यांची वाचा गेली त्यांना परत बोलायला शिकवायचं माझं काम. आधी केंद्रात जाऊन करायचे, मग केंद्रानं इथली शाखा बंद केली आणि आम्हाला घरून, पडद्यावरून करायला सांगितलं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर तो डबा, मोडेम, त्याचे हिरवे दिवे, आणि पडद्यावर समोर एखादं तोंड. हे काम कानाचं आहे. माणूस "प" म्हणाला की नुसताच ओठांतून वारा गेला, एवढ्या फरकासाठी आठवडेच्या आठवडे घासायचे. आणि ज्याची वाचा गेली त्याचा धीर किती कोवळा असतो ते मला माहीत आहे. एकदा मनापासून म्हटलेलं समोरच्याला ऐकू गेलं नाही, तर तो पुन्हा म्हणत नाही. तोंड मिटून घेतो. रागावून नाही, शरमून.

माझ्याकडे एक बसचालक येतात, म्हणजे पडद्यावर येतात. उंचापुरा माणूस, आयुष्यभर अवजड गाडी फिरवलेली, आणि आता जिभेचं चाक फिरत नाही. त्यांची बायको शेजारी खुर्ची टाकून बसते, पदराशी किंवा त्यांच्या चष्म्याशी चाळा करत. शब्द सगळे गेलेले, नुसता एक घशातला आवाज. आणि त्या दिवशी मी त्यांना पाण्याचा पेला दाखवून "पाणी" म्हणायला लावत होते, तर त्यांनी मान वळवली, बायकोकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि माझ्या पडद्यावर ते तसंच राहिलं. चित्र थिजलं. आवाज बुडबुड्यासारखा फुटून गेला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मी टेबलावर हात आपटला, वायर हलवली, मोडेमला शिव्या दिल्या. पुन्हा चित्र आलं तेव्हा बायको डोळे पुसत होती. "ऐकलंत ना?" ती म्हणाली. "'अगं' म्हणाले हो मला. 'अगं' म्हणाले." मी म्हटलं, परत म्हणा बघू. पण त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि तोंड मिटलं. पुढच्या दोन्ही वेळी ते आले तेव्हाही मिटलेलंच होतं.

केंद्राच्या बाईंचा फोन आला तो त्याच आठवड्यात. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट काळजी होती, म्हणून जास्त लागलं. पेशंट तक्रार करत नाहीत, पण त्यांचं नुकसान होतं, हे तुला मी सांगायला नको, असं त्या म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत लाइन नीट होते का बघ, नाहीतर इकडे मुख्य केंद्रात ये, इथे राहायला खोलीही देतो. इकडे म्हणजे दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. कुणी म्हणेल, मग जा की. पण मी गेले की मामंजी या घरात एकटे राहू शकत नाहीत, त्यांचा गुडघा तसा आहे, आणि नणंद त्यांना राहू देणारही नाही. ती बिचारी भली बाई आहे. तिनं मला कधीच सांगून ठेवलंय, तू मोकळी आहेस गं, तुला वाटेल तेव्हा जा, बाबांना मी घेऊन जाईन. तिच्याकडे दिवाणखान्यातल्या सोफ्यावर त्यांचं अंथरूण पडेल, आणि हे घर भाड्यानं जाईल. मी त्यांना बरोबर नेते म्हटलं तर? कुठल्या नात्यानं नेऊ? मुलगी असताना घटस्फोटित सून म्हाताऱ्याला उचलून दुसऱ्या गावी नेते, हे ऐकायलाच विचित्र आहे. म्हणजे ती लाइन नीट होणं न होणं यावर सगळं येऊन ठेपलं. एका काळ्या वायरीवर. मी मामंजींना यातलं काही सांगितलं नाही. कशाला त्यांच्या जिवाला घोर.

आणि खरं सांगायचं तर त्याच दिवसांत मला त्यांचीही काळजी वाटायला लागली होती. मागची खोली त्यांची. तिथे टीव्ही आहे. दुपारभर ते जंगलातल्या प्राण्यांचे कार्यक्रम बघायचे, आवाज बंद करून, म्हणजे मला त्रास नको. आवाज टीव्हीचा बंद, यांचा नव्हे. "बघ, बघ, कसा दबा धरून बसलाय लबाड," असं त्या वाघाला नाहीतर हरणाला उद्देशून चालायचं, आणि मी दोन पेशंटांच्या मध्ये चहा करायला उठले की मलाही जंगलाची खबर मिळायची. ते बंद झालं. मी चहा द्यायला गेले तर ते खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि समोर टीव्हीचा काळा पडदा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बंद टीव्हीकडे बघत बसलेला म्हातारा माणूस! संध्याकाळी बातम्यांना टीव्ही लागलेला असायचा, पण दुपारभर ही समाधी. माझ्या धंद्यात मी असल्या गोष्टी फार पाहिल्या आहेत. सुरुवात अशीच होते, माणूस आवडीची गोष्ट सोडून देतो आणि का सोडली ते सांगत नाही. मी धसकले. चहा देता देता हळूच विचारायची, मामंजी, आज वार कुठला? मामंजी, सकाळी दूधवाल्याला किती लिटर सांगितलं आपण? तर एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "वार मला काय विचारतेस, कॅलेंडर तुझ्या मागे आहे." डोकं तर ठिकाणावर होतं. मग मन कुठे होतं?

मी तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस संध्याकाळी येऊन गेला. त्यांना संध्याकाळच सापडते. पाठीवर पिशवी, हातात एक पिवळं यंत्र. दारावरच्या माळ्याजवळ आमची वायर आत येते, तिथे पितळेचा छोटा फाटा आहे, त्यातून एक वायर माझ्या मोडेमला आणि दुसरी मागच्या खोलीत टीव्हीला. त्यानं सगळीकडे यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, लेव्हल ओके आहे. मी म्हटलं, दुपारी नसते. तो म्हणाला, आत्ता तर आहे. या युक्तिवादावर बोलणार काय! मी पुन्हा फोन केला आणि त्या वेळी एक समजूतदार मुलगी मिळाली. तिनं मला युक्ती सांगितली. मोडेमचं स्वतःचं एक पान असतं. अमुक आकडे टाका, ते उघडेल, मग तुम्हीच बघत जा, म्हणजे आम्हाला वेळ सांगता येईल.

ते पान उघडलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडले म्हणा. रुक्ष पान, नुसते रकाने आणि आकडे, पण मला त्यात माझा धंदा दिसला. एका रकान्यात सिग्नल किती जोराचा येतो ते. तो शून्याच्या आसपास हवा, फार तर सात वर किंवा सात खाली. आमचा उणे सहा, म्हणजे पास. आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना, तो खरा. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते सांगणारा. अहो, हेच तर मी दिवसभर करते! माणूस किती मोठ्यानं बोलतो याला महत्त्व नाही, आजूबाजूच्या कालव्यातून त्याचा शब्द वर येतो की नाही याला आहे. तो आकडा तिसाच्या चांगला वर हवा असं ती मुलगी म्हणाली होती. सकाळी चहा पिता पिता पाहिला, सदतीस. संध्याकाळी पाहिला, सदतीस. आणि दुपारी, पहिल्या पेशंटाशी बोलता बोलता कोपऱ्यात ते पान उघडं ठेवलं, तर सव्वीस. जोराचा आकडा होता तिथेच, गोंगाट तेवढा चढलेला. रोज. पेशंट सुरू झाला की आकडा घसरलाच. शेवटचा पेशंट संपून मी पाठ मोकळी करायला उठायची, परत येऊन बघते तो पुन्हा सदतीस. जगातल्या सगळ्या वायरींना सोडून माझ्या कामावरच कुणी टपून बसलंय की काय! मी माझ्या टेबलावरचा दिवा बदलला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, शेजारणीला विचारलं की तुम्ही दुपारी काय लावता. ती म्हणाली, काही नाही बाई, मी झोपते. मग मी स्वतःवरच घसरले. काय सांगावं, आपल्यातच काही असेल. ज्या घरात मी बसते तिथलं काहीतरी सुटतंच.

असं मनात येतं ते दुपारचं. संध्याकाळी मामंजी ओट्यापाशी येऊन उभे राहतात, त्या आठ-दहा माणसांच्या कुकरात तळाशी मूठभर तांदूळ घालतात आणि शिट्टी होईपर्यंत तिथून हलत नाहीत, तेव्हा असलं काही मनात येत नाही. शिट्टी झाली की म्हणतात, प्रेशर चांगलं आहे. रोज म्हणतात. मला त्या वाक्याशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही. मुख्य केंद्रातल्या त्या खोलीत हे वाक्य कोण म्हणेल, असा विचार आला आणि मी उगाचच मोरीत जाऊन नळ सोडून तोंड धुतलं.

मग तो दिवस उजाडला. बसचालकांच्या बायकोचा निरोप आला की आज डॉक्टरकडून यायला वेळ लागेल, तासाभरानं बसतो. तोवर मी रोजच्यासारखी टेबलाशी बसले, रोजच्यासारखी खुर्ची ओढली, कानाला हेडफोन लावून घसा साफ केला. समोर पेशंट नव्हता, नुसतं ते पान होतं. सदतीस. मी बघत राहिले. पान पुन्हा पुन्हा ताजं करत राहिले. आणि माझ्या डोळ्यांदेखत सदतिसाचे एकतीस झाले, मग सव्वीस. मी हेडफोन काढला. घरात शांतता, फक्त मागच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज. तो आवाज मी रोज ऐकत होते. रोज पहिल्या पेशंटाच्या वेळी. पण ऐकूनही न ऐकल्यासारखा, जसं आपण घरातल्या माणसाचं खोकणं ऐकतो.

मी अनवाणीच गेले. मामंजी टीव्हीच्या मागे एका गुडघ्यावर बसले होते, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि त्यांच्या हातात ती काळी वायर होती. टीव्हीच्या डब्यापासून फिरकी सोडवून त्यांनी ती नुकतीच काढली होती. तिचं उघडं टोक, मधली तांब्याची सुई बाहेर आलेली, त्यांनी जपून शेजारी चालू असलेल्या टेबलपंख्याच्या मागे टेकवून ठेवलं.

"मामंजी, काय करताय?"

ते दचकले नाहीत. कामात असलेला माणूस जसा मान न वळवता बोलतो तसे म्हणाले, "व्हॉल्व्ह बंद करतोय. तुझं सुरू झालं ना."

मला क्षणभर काही कळलं नाही. आणि मग सगळं एकदम कळलं. मागे एकदा सगळ्या भागातच लाइन गेली होती, एक दुपारभर, तेव्हा मी नणंदेशी फोनवर वैतागून बोलले होते की टीव्ही आणि नेट एकाच वायरीवर आहे, वाटणी होते, दुसरं काय. मी बोलून विसरून गेले. मामंजींनी ते ऐकलं होतं. आणि ज्या माणसानं आयुष्यभर ही वस्ती बंद करून त्या वस्तीला पाणी पोचवलं, त्याला यात सांगण्यासारखं काय राहिलं? मागची लाइन बंद करायची म्हणजे पुढच्या लाइनला पूर्ण प्रेशर. त्या दिवसापासून रोज, माझी खुर्ची सरकली की ते गुडघा टेकून वायर सोडवत होते, आणि माझा शेवटचा नमस्कार ऐकला की परत बसवत होते.

मी विचारलं, मग दुपारभर बंद टीव्हीसमोर नुसते का बसता? बाहेर जावं, पडावं जरा. तर त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. व्हॉल्व्ह बंद केला की तिथून हलायचं नसतं, म्हणाले. कुणी येऊन उघडतं. कधी तोच सैल होतो. पाणी पूर्ण पोचेपर्यंत माणसानं तिथे थांबायचं. ड्यूटी असते ती.

मी हसायला लागले. हसता हसता माझे डोळे वाहायला लागले आणि ते बावचळून उभे राहायची धडपड करू लागले. मी किती दिवस या माणसाचं डोकं तपासत होते! मी त्यांना हात दिला, खुर्चीत बसवलं, आणि म्हटलं, आपण एक गंमत करू. मी पुढे जाते. मी ओरडले की तुम्ही वायर बसवायची, परत ओरडले की काढायची. ते लगेच कामाला लागले. मी टेबलाशी बसून ओरडले, बसवा! जरा वेळानं पान ताजं केलं, सदतीस. काढा! अठ्ठावीस, मग सव्वीस. बसवा! सदतीस. "किती?" ते मागून ओरडले. मी आकडा सांगितला. "आणि काढली की?" तोही सांगितला.

मी परत गेले तेव्हा ते वायरीचं टोक हातात धरून बघत होते. चेहरा उतरला होता. "उघडं तोंड," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला समजावून सांगायला लागले, जसं मी नवी भरती झालेली मदतनीस आहे. व्हॉल्व्ह बंद करणं वेगळं आणि पाइप तोडून तोंड उघडं ठेवणं वेगळं. उघड्या तोंडातून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि ती सगळ्या लाइनीत जाते, शेवटच्या घरापर्यंत. रस्त्यारस्त्यावर लोकांना हेच सांगत आलो, म्हणाले, नळ काढलात तर तोंडाला बूच मारा. आणि मीच... त्यांच्या डोळ्यांत मला कसलातरी हिशेब लागताना दिसला आणि मला तो लागू द्यायचा नव्हता, पण उशीर झाला होता.

"त्या ड्रायव्हरचा शब्द," ते म्हणाले. "तो मी घालवला."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. केंद्राच्या बाईंचा फोन, महिनाअखेर, दुसरं शहर, सगळं. घर केवढं, भिंती केवढ्या. मी सांगायचं टाळत होते आणि ते ऐकून गप्प होते, आणि गप्प राहून जेवढं आपल्या हातात आहे तेवढं रोज गुडघा टेकून करत होते. मला त्या क्षणी ते इतके आवडले की काय करावं कळेना. मी त्यांच्या हातातून वायर घेतली, तिची फिरकी घट्ट बसवली आणि म्हटलं, "शब्द असा जात नाही, मामंजी. एकदा आला ना, तो परत येतो. हे मी तुम्हाला माझ्या धंद्यातलं सांगते." ते विश्वास ठेवल्यासारखे दिसले नाहीत. मग मी म्हटलं, आता ही वायर कायम बसलेली हवी. आणि टीव्ही लावा. दुपारी रोज लावायचा. तो लागलेला असला की वायर बसलेली आहे हे मला पुढच्या खोलीतून कळेल. हे टीव्हीचं कारण मी जागच्या जागी रचलं. त्यांनी मान डोलावली. ड्यूटी बदलली होती, एवढंच.

बसचालक तासाभरानं आले. चेहरा थकलेला, डॉक्टरकडच्या रांगेनं वैतागलेला. मी पेला दाखवला, त्यांनी पाहिलंही नाही. मी बोलत राहिले, आकडा कोपऱ्यात सदतिसावर स्थिर. मागच्या खोलीत वाघ नाहीतर हरीण काहीतरी चाललं असावं, पण मामंजींची एकही टिप्पणी ऐकू येत नव्हती. श्वास रोखून बसले असणार. पेला, वाटी, किल्ली, सगळं दाखवून झालं. तोंड मिटलेलं. आता थांबावं असं मी ठरवत होते, तेवढ्यात बायकोनं त्यांचा चष्मा पुसायला म्हणून काढून घेतला आणि पुसता पुसता माझ्याशीच बोलत बसली, चष्मा हातातच. त्यांनी एकदा हात पुढे केला. तिचं लक्ष नाही. दुसऱ्यांदा केला. मग त्यांच्या कपाळावर आठी चढली, चांगली नवऱ्याच्या कपाळावर चढते तशी, आणि ओठ वाकडे झाले, आणि स्वच्छ, अगदी स्वच्छ, घरच्या जुन्या त्राग्यासकट आलं, "अगं!"

या वेळी मी ऐकलं. त्यातला ग किंचित घोगरा होता. बायकोनं चष्मा तसाच छातीशी धरला. मी म्हटलं, अहो, द्या त्यांना चष्मा, माणूस मागतोय. आणि मागच्या खोलीत टाळी वाजली. एकच, दबलेली. मग लगेच, कुणाला शंका नको म्हणून, "बघ, बघ, पकडलंन् लबाडानं."

मी केंद्राच्या बाईंना आकडे कळवले. आठवडाभर कळवत राहिले, त्यांनी विचारणं बंद केलं तरी. महिना संपला, पुढचा लागला. ते ड्रायव्हर आता अगंच्या पुढे दोन शब्द गेले आहेत आणि दोन्ही बायकोवर ओरडण्याचे आहेत. ती खूश आहे.

परवा दुपारी मी पेशंटाशी बोलत असताना घरातला फोन वाजला. मामंजींनी घेतला. कंपनीकडून होता, तुमची तक्रार मिटली का, असं विचारायला. माझा पेशंट एक स्वर लांबवत होता, त्यामुळे मला बोलायचं नव्हतं आणि मामंजींचं सगळं ऐकू येत होतं. मिटली, मिटली, म्हणाले. मग म्हणाले, ऐका, ही जोडणी माझ्या नावावर आहे ती तिच्या नावावर करा. हो, जिनं तक्रार केली तिच्या. घर तीच चालवते, मी तिच्याकडे राहतो. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, आणि मला ठाऊक होतं काय. मामंजीही क्षणभर थांबले.

"सून," ते म्हणाले. "सून आहे माझी." पुन्हा काहीतरी प्रश्न आला. आणि आमचे मामंजी, जे कधी कुणावर आवाज चढवत नाहीत, ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "नवऱ्याचं नाव? त्याचा इथे काय संबंध?"